मैलाच्या दगडांमागून

केंब्रिज

तीर्थरूप बाबांना,


तुमची सगळी नोकरी खडी, मुरूम आणि साइडपट्टी यांत गेली, म्हणून तुम्हाला इथल्या कॉलेजांची वर्णनं न लिहिता एका दगडाबद्दल लिहिते. गावातून दक्षिणेला ट्रम्पिंग्टनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तो उभा आहे आणि त्यावर चंद्रकोर कोरलेली आहे. ती ट्रिनिटी हॉल कॉलेजची खूण. सोळाव्या शतकात या कॉलेजचे प्रमुख असलेले विल्यम माउस आणि त्यांच्याशिवाय रॉबर्ट हेअर नावाचे गृहस्थ, या दोघांनी केंब्रिजच्या आसपासचे रस्ते दुरुस्त व्हावेत म्हणून पैसे ठेवले. त्या पैशातून विल्यम वॉरन या कॉलेजच्या फेलोने ग्रेट सेंट मेरी चर्चपासून अंतर मोजून घेतलं आणि 20 ऑक्टोबर 1725 या दिवशी पहिले पाच दगड बसवले. पुढे ही रांग सोळाव्या मैलाला बार्कवे गावापर्यंत गेली. रोमन राज्य गेल्यावर ब्रिटनमध्ये नीट मोजून बसवलेले हे पहिले मैलाचे दगड मानतात.

मोजणीला सुरुवात चर्चपासून झाली हे वाचलं आणि मला फोर्टातलं सेंट थॉमस आठवलं. मुंबईतले एकोणिसाव्या शतकातले काळे दगड, रोमन आकड्यांचे, त्याच चर्चपासून मोजलेले आहेत. कितीतरी वर्षं ते फुटपाथच्या फरशीखाली गळ्यापर्यंत गाडले गेले होते.

इथे मात्र हा दगड आपल्या जागेवर आहे, आणि शेजारून जाणारी सायकलवाली मुलंही तो ओळखतात. आईला सांगा, तब्येत छान आहे.

तुमची,
धाकटी


लुईस, ससेक्स

ती. बाबा,

इथे हाय स्ट्रीटवरच्या एका भिंतीत दगड बसवलेला आहे. कॉर्नहिलच्या स्टँडर्डपासून 50 मैल, वेस्टमिन्स्टर पुलापर्यंत 49, ब्रायटहेल्मस्टनला 8, असा त्यावरचा मजकूर. ब्रायटहेल्मस्टन म्हणजे आजचं ब्रायटन. कॉर्नहिल आणि वेस्टमिन्स्टर दोन्ही लंडनमधलीच. लंडन एकच, पण अंतरं दोन, कारण लंडनचा शून्य मैल एका ठिकाणी नव्हता. कुठला रस्ता हाइड पार्क कॉर्नरपासून मोजायचा, कुठला शोरडिच चर्चपासून. शून्य कुठे धरला हे या दगडाने स्पष्ट लिहून ठेवलंय. मोजणी अशीच असावी, असं तुम्हीही म्हणाल.

या भागातल्या लंडन रस्त्यावर ओतीव लोखंडाच्या पाट्याही आहेत. त्यांवर शब्द एकही नाही. वर आकडा, त्याखाली पेलहॅम या जमीनदार घराण्याचं बक्कल, मग रिबिनीचा बो आणि त्याला लटकणाऱ्या घंटा. बो आणि घंटा म्हणजे लंडनचं बो चर्च, अंतर तिथपासूनचं. अक्षर न येणाऱ्या गाडीवानालाही आकडा आणि घंटा कळणार. मी त्यातल्या एका पाटीसमोर बराच वेळ उभी होते. रस्त्यावरची इतकी सुंदर पाटी मी दुसरी पाहिली नाही.

आता टोलचं सांगते, कारण हे दगड त्याच्याशी बांधलेले आहेत. 1555 च्या कायद्याने रस्ता राखणं गावाच्या अंगावर होतं. दरवर्षी ठरावीक दिवस बिनपगारी राबायचं. दूरची अवजड वाहतूक वाढली तसं ते गावांना झेपेना. 1663 मध्ये हर्टफर्डशायरात वेड्समिलला टोलनाका उभा राहिला. पुढे स्थानिक जमीनदार आणि व्यापारी ट्रस्ट काढून पार्लमेंटकडून कायदा करून घ्यायचे, बहुधा 21 वर्षांसाठी, कर्ज उभारायचे, फाटक लावायचे आणि टोलमधून रस्ता राखायचे. 1830 च्या दशकात असे सुमारे एक हजार ट्रस्ट होते आणि वीस हजार मैलांहून अधिक रस्ते त्यांच्या ताब्यात होते.

1767 पासून या ट्रस्टना मैलाचे दगड लावणं कायद्याने बंधनकारक झालं. भाड्याच्या घोड्यांचे पैसे मैलावर ठरत, डाकगाडीचं वेळापत्रकही मैलावर चाले. टोल भरणाऱ्याला आपण किती आलो, किती राहिलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येई. मला या सगळ्या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पैसे घेणाऱ्याने मोजमाप उघड्यावर मांडलं पाहिजे.

सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. वेल्समध्ये 1839 ते 1843 या काळात टोलने पिचलेल्या शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून रात्री फाटकं फोडली. त्यांच्या बाजूने मी पूर्णपणे आहे. शेतात टाकायचा चुना आणायलाही त्यांना फाटकाफाटकावर पैसे मोजावे लागत.

तुमची,
धाकटी


लानफेअरपूल, अँगलसी

ती. बाबा,

तुम्हाला प्रत्यक्ष दाखवावा असा रस्ता हाच. 1801 मध्ये आयर्लंडचं पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटात विलीन झालं आणि आयरिश सभासदांना होलीहेड बंदरातून लंडन गाठावं लागू लागलं. त्यासाठी अभियंता थॉमस टेलफर्डने लंडन ते होलीहेड हा रस्ता बांधला. त्यावरचा मेनाईचा झुलता पूल 1826 चा. मैलाचे दगडही त्याने स्वतः ठरवले. दगड याच बेटावरच्या रेड व्हार्फ उपसागराजवळच्या चुनखडीचा, त्यात काळी लोखंडी पाटी, आणि अंतर मैल व फर्लांगांत. पुढच्या टप्प्याच्या दगडांवर सर्निओग असं नाव येतं. ते गाव नाही, घोडे बदलण्याची सराय होती. आज तिथे शेती आहे, पण दगड अजून तिथलं अंतर सांगतात.

इथलं अष्टकोनी टोलघर उभं आहे, दरांच्या फलकासह. रेल्वे आल्यावर टोलचं उत्पन्न आटलं, ट्रस्ट एकेक करून बंद पडले. 1895 मध्ये शेवटचा टोल बंद झाला तो याच बेटावर.

दगडांवर खरं संकट आलं 1940 मध्ये. जर्मन फौजा उतरल्या तर त्यांना वाट कळू नये म्हणून कुठे दगड पुरले, कुठे अक्षरं छिनून काढली. युद्धानंतर सगळे परत आले नाहीत. पुढे रुंदीकरणात आणखी गेले. 2001 मध्ये माइलस्टोन सोसायटी स्थापन झाली. तिचे लोक उरलेले दगड शोधतात, नोंदवतात, दुरुस्त करतात.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. आपल्या गावाकडच्या रस्त्याचं रुंदीकरण होणार म्हणता. जेसीबी लागण्याआधी साइटवरच्या उपअभियंत्याला भेटा. जुना दगड काढावाच लागला तर आधी त्याची जागा मोजून लिहून ठेवा, फोटो घ्या, दगड कुणाच्या तरी ताब्यात द्या, आणि काम झालं की त्याच अंतरावर पुन्हा उभा करायला लावा. तुमचा शब्द ते नक्की ऐकतील.

तुमची,
धाकटी