वडीलधारी फाईल

मिसरोदला घर बांधून आम्ही राहावयास आलो, तेव्हा सामानाबरोबर आजोबांची पत्रेही आली. थोरल्या दादांनी त्यांची छायाचित्रे संगणकात साठविली आणि त्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरविणारा ‘पत्रपेटी’ नावाचा लहानसा प्रोग्राम लिहिला. दादा गेले; दर रविवारी ती आज्ञा देण्याचा नेम आम्ही चालू ठेवला.

गेल्या श्रावणात यंत्राने कळविले, अशी आज्ञाच सापडत नाही! आमच्या पोटात धस्स झाले. आळ अर्थातच सुटीत येऊन गेलेल्या भाच्यावर गेला. पण पाहतो तो, प्रोग्राम ‘बिन’ नावाच्या कप्प्यात सुखरूप होता. यंत्र त्याचा पत्ता तेवढा विसरले होते.

हा पत्ता सांगतात प्रवेशाच्या फायली. आमच्या उबुंटूवरील शेल म्हणजे बॅश. नाव व संकेतशब्द देऊन काळ्या पडद्यावर आत शिरताच बॅश आधी सर्वांसाठी असलेली ‘प्रोफाइल’ वाचते. मग आपल्या खात्यातील ‘डॉट बॅश प्रोफाइल’, ‘डॉट बॅश लॉगिन’ आणि ‘डॉट प्रोफाइल’ या तिघींना याच क्रमाने शोधते. जी प्रथम भेटेल तेवढीच वाचते. बाकीच्या तशाच राहतात, आणि त्याबद्दल ते चकार शब्द काढीत नाही.

आम्ही प्रत्येक फायलीत तिचे नाव छापणारी एक ओळ घातली. चूक झाल्यास परतीची वाट असावी म्हणून जुना प्रवेश उघडाच ठेवला आणि दुसऱ्या पडद्यावरून नव्याने आत गेलो. ‘डॉट बॅश प्रोफाइल’ बोलली. ‘डॉट प्रोफाइल’ गप्प! दादांनी पत्ता लिहिला होता तो नेमका हिच्यातच. मग ही बोलकी फाईल कोणाची? उघडून पाहिली आणि ओशाळलो. आत शिरताच मराठीत तारीख दिसावी, म्हणून मागल्या आठवड्यात आम्हीच हौसेने ती बनविली होती!

उपाय एका ओळीचा. नव्या फायलीने आरंभीच जुनी वाचावी, एवढे तिला सांगितले. इटारसीकडची रात्रीची गाडी मिसरोदवरून धडधडत गेली, तेव्हा पडद्यावर पत्रांची नावे सरकू लागली होती.

भाच्यास फोन करून क्षमा मागितली. आपल्यावर आळ आला होता, हे बिचाऱ्यास ठाऊकही नव्हते. तो हसून म्हणाला, “मामा, नव्या माणसाने घरात आल्यावर आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा, हे तुम्हीच ना शिकविलेत?”