औषधाचे माप

कर्करोगावरची औषधे म्हटली की घरोघर एकच वाद निघतो. म्हाताऱ्या माणसाला ती पुरती द्यावी की बेताने? आमच्या आईला 74 व्या वर्षी बीजांडकोशाचा कर्करोग निघाला तेव्हा आमच्या घरातही दोन पक्ष पडले. मामा म्हणाले, “या वयात झेपायचे नाही, अर्धेच द्या.” धाकटी बहीण म्हणाली, “द्यायचे तर पुरते द्या!” डॉक्टरांनी दोघांचे ऐकून घेतले आणि कागद पुढे ओढला.

आईची उंची 150 सेंटीमीटर, वजन 54 किलो. या दोहोंचा गुणाकार करायचा, त्याला 3600 ने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. 1987 सालचे हे मोस्टेलरचे सूत्र. उत्तर आले दीड चौरस मीटर, म्हणजे देहाचे क्षेत्रफळ. पॅक्लिटॅक्सेल हे औषध या मापाने देतात. चौरस मीटरला 175 मिलिग्रॅम धरले की झाले सुमारे 262. गंमत अशी, की या हिशेबात वयाला जागाच नाही!

दुसरे औषध कार्बोप्लॅटिन. ते बव्हंशी मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून त्याचे माप मूत्रपिंडांवर. आईचे क्रिएटिनिन 1.0, अहवालात अगदी ‘नॉर्मल’. पण उतारवयात स्नायू झिजतात, क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते आणि आकडा फसवतो. वय व वजन धरून हिशेब केला, तेव्हा मूत्रपिंडांची गाळण मिनिटाला 42 मिलिलिटर निघाली. त्यात 25 मिळवून पाचाने गुणले. कॅल्व्हर्टच्या 1989 च्या सूत्राने औषध ठरले 335 मिलिग्रॅम. तेच वजन आणि तेच क्रिएटिनिन असलेल्या चाळिशीतल्या बाईला सुमारे 444 लागले असते. म्हणजे आईला कमी दिले नव्हते. रक्तात औषधाचा अंमल तेवढाच राहावा, असे मोजून दिले होते.

मग प्रश्न सुरू झाले. जिना चढता का? मध्यंतरी कधी पडलात का? जेवण किती? रोजच्या गोळ्या कोणत्या? मामांना या चौकशा फिजूल वाटल्या. पण 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत सत्तरीपुढच्या रुग्णांची अशी तपासणी करून ती डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा गंभीर दुष्परिणाम 71 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर आले, आणि त्यापायी आयुष्य काही घटले नाही.

तिसऱ्या फेरीनंतर आईच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. पॅक्लिटॅक्सेलचा हा ठरलेला त्रास. डॉक्टरांनी त्याचे माप 175 वरून 135 वर आणले. त्या रात्री आई हळूच म्हणाली, “अरे, आशा सोडली का रे त्यांनी?”

दुसऱ्या दिवशी मी तिलाच ते विचारायला लावले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “आजी, तुम्ही गोधड्या शिवता ना? सुई धरता येईना, तर बरे होऊन करायचे काय? रोगाला मार बसतो आहे, बोटे मात्र वाचवायची आहेत.”

आईला ते पटले. सहा फेऱ्या पार पडल्या, पुढचे पुढे. आता कोणी सल्ला विचारायला आले की ती सांगते, “किती दिले ते विचारू नका, कशावरून ठरवले ते विचारा. आणि घरात पडला असाल तर लपवू नका!”