जिन्याखालचं भांडार

शाळेतल्या मंडळांची उतरंड आम्हा पोरांना तोंडपाठ होती. सगळ्यात वर सांस्कृतिक मंडळ, कारण गॅदरिंगच्या तालमीसाठी त्यांना तास बुडवायला मिळत. त्याखाली वाङ्मय मंडळ; त्यांचं हस्तलिखित पाहुणे आले की टेबलावर मांडलं जाई. मग विज्ञान मंडळ, प्रदर्शन जवळ आलं की जागं होणारं. आणि तळाला विद्यार्थी सहकारी भांडार. जिन्याखालच्या तिरक्या जागेत एक कपाट, कुलपाची पत्र्याची पेटी, आणि उभं राहिलं की डोक्याला लागणारी पायरी. आठवीत असताना, अक्षर बरं आणि बेरीज चुकत नाही एवढ्याच गुणांवर, गणिताच्या बाईंनी मला तिथे बसवलं. मला खरं तर नाटकात जायचं होतं.

सातारा जिल्ह्यात सहकार हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नसे. वडील विकास सोसायटीचे सभासद, दूध डेअरीला, ऊस साखर कारखान्याला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांचं स्वावलंबनाचं वेड साऱ्या मुलखाला लागलेलं होतं. आमची शाळा त्यांच्या संस्थेची नव्हे, पण वारं तेच. कर्मवीर आधी किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडले होते, हे बाई आम्हाला मुद्दाम सांगत. विकणं कमीपणाचं नाही, हे त्यांना आमच्या डोक्यात भरवायचं होतं. आम्हाला ते पटलं होतं असं नाही.

एक रुपया भरला की सभासद. माल साताऱ्याहून घाऊक यायचा: एकरेघी, दुरेघी, चौरेघी वह्या, फुलस्केप कागद, शाईच्या बाटल्या, निबा, पट्ट्या. खरी झुंबड उडायची ती कोऱ्या नकाशांवर. भूगोलाची चाचणी पहिल्या तासाला आणि नकाशा आणायचं निम्म्या वर्गाच्या लक्षात नाही, असं दर वेळी व्हायचं. महाराष्ट्राचा नकाशा संपला की पोरं भारताचा मागायची, 'त्यात महाराष्ट्र असतोच की' म्हणून. रोज मधल्या सुट्टीत विक्री, शाळा सुटल्यावर रोजकीर्द: डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली शिल्लक. पेटीतले पैसे आणि शिल्लक जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. बाहेर खो-खोचा डाव रंगलेला ऐकू यायचा आणि आत आम्ही दहा पैशांसाठी सगळी पानं उलटत बसायचो.

उधारी बंद, हा एकच कडक नियम. एकदा हेडसरांनी शिपाईमामांना शाईची बाटली आणायला पाठवलं, 'पैसे नंतर देतो' असा निरोप देऊन. माझ्यासोबतच्या दहावीच्या ताईने मामांना रिकाम्या हाताने परत धाडलं. मला घाम फुटला. थोड्या वेळाने मामा पैसे घेऊन आले, आणि हेडसरांनी पावतीही मागितली होती. त्या दिवसापासून कुणा सरांनी उधार मागितलं नाही. पुढे वाचनात आलं की इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी २१ डिसेंबर १८४४ ला टोड लेनमध्ये आपलं सहकारी दुकान उघडलं, तेव्हा त्यांचाही नियम हाच: माल चोख, माप पुरं, व्यवहार रोख. लोणी, साखर, पीठ, ओटचा भरडा आणि थोड्या मेणबत्त्या, एवढाच त्यांचा माल. आमच्याकडे निदान कर्कटक तरी होतं.

शाळेला भांडाराचा उपयोग काय, असं विचारलं तर स्वस्त वह्या हे उत्तर मी देणार नाही. बाजारपेठेतल्या दुकानापेक्षा आमच्या वह्या थोड्याच पैशांनी स्वस्त होत्या. मला आठवते ती वार्षिक सभा. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' इथून सुरुवात, सूचक, अनुमोदक, सगळं शिस्तीत. वर्षाचा नफा सभेपुढे ठेवला जाई. मुलांचं दर वर्षी एकच म्हणणं: वाटून टाका. माणशी जेमतेम एका गारेगारपुरते पैसे यायचे. त्या वर्षी ताई उभी राहिली आणि म्हणाली, नफा वाटू नये, इमारतीच्या किरकोळ दुरुस्तीला द्यावा. कसली दुरुस्ती, मागून कुणीतरी ओरडलं. ताई गप्प. कारण मुलींच्या मुतारीच्या दाराला कडी नव्हती, आणि हे तिला दीडशे पोरांसमोर बोलायचं नव्हतं. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरायचं, असं किती दिवस चाललं होतं देव जाणे. बाई एवढंच म्हणाल्या, ''सूचना आली आहे. अनुमोदन कोण देतंय?'' मुलींच्या रांगेतले सगळे हात एकदम वर गेले. मुलांमधल्या काहींना बहुधा कळलं असावं, त्यांनीही हात वर केले. ठराव मी लिहिला: 'इमारत किरकोळ दुरुस्ती.' पुढच्या सोमवारी सुताराने दोन कड्या बसवल्या. उरलेल्या पैशांत पाण्याच्या पिंपाला झाकण आलं.

नोकरीसाठी ठाण्याला आले तेव्हा आमच्या इमारतीत मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ होता. १९७५ पासून चालत आलेली ही व्यवस्था: शेजारची घरं मिळून संघ करतात, मागणीपत्रक भरतात, महिन्याला टेम्पो येतो आणि सभासदच माल उतरवून वाटून घेतात. आमच्या संघात काम करणाऱ्या बहुतेक बायकाच. डाळी, पोहे, साबण यांच्या ढिगाऱ्यात उभं राहून यादीवर टिक करताना मला काहीच नवं शिकावं लागलं नाही. वीस वर्षांनी गृहनिर्माण संस्थेची खजिनदार झाले ती याच बळावर, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. खजिनदारीत माझी एक खोड सगळ्यांना जाचते. व्हाउचरवर 'किरकोळ दुरुस्ती' दिसलं की मी सही करत नाही. काय दुरुस्त केलं ते लिहून आणा म्हणते. सेक्रेटरी वैतागतात. त्या दोन शब्दांखाली काय काय मावतं, ते मला आठवीपासून ठाऊक आहे.

भाचीच्या शाळेत आता वह्या, पुस्तकं, गणवेश यांचा संच पालकांनी घ्यायचा असतो, आणि मुलांचा संबंध फक्त तो दप्तरात भरण्याशी. तिथे मंडळं भरपूर आहेत, रोबोटिक्सचं, वादविवादाचं, पर्यावरणाचं. पैसे कोण सांभाळतं, असं मी विचारलं. ''टीचर,'' ती म्हणाली, मी काहीतरी विचित्र विचारल्यासारखं. पोरांच्या हाती पैसे नकोत म्हणणाऱ्यांची भीती मला कळते. पण पेटीची किल्ली दिल्याशिवाय पेटी सांभाळायला कुणी शिकतं का?

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या गेल्या वार्षिक सभेत आमच्या मजल्यावर पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा विषय मी मांडला. सकाळी सातपासून दुपारपर्यंत पाच घरं, आणि जायला जागा नाही. या वेळी ठराव पूर्ण शब्दांत लिहिला: घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी तळमजल्यावर स्वच्छतागृह. कुणीतरी म्हणालं, इतकं स्पष्ट कशाला, दुरुस्ती खर्चात घालू. मी इतिवृत्ताची वही माझ्याकडे ओढून घेतली. अनुमोदनाला तीन हात वर आले, मग सहा, मग बरेचसे. दरपत्रकं मागवली आहेत. तिघांपैकी एकाचं आलंय, आणि त्यात कडीचा उल्लेख नाही; तेवढं विचारून घ्यायचं आहे.