मावशीला कोण सांगणार?

आज रविवार. मिस्सा संपता संपता सूचना वाचल्या गेल्या, पण इंग्रजीत. शेजारच्या मावशीने माझा हात दाबला आणि हळूच विचारलं, "काय म्हणाले गं? बैठक कधी आहे?" तिच्या बोटांना सुक्या बोंबलांचा वास होता. पहाटे बांबूंवर बोंबील घालून ती थेट देवळात आली होती. मी सांगितलं, पण मला वाईट वाटलं. साठ वर्षं या देवळात येणाऱ्या बाईला घरचीच गोष्ट दुसऱ्याकडून कळावी?

आमच्या उत्तनची माणसं समुद्रावर जगतात. जून-जुलैची मासेमारीबंदी संपली की पुरुष कित्येक दिवस बोटीवर असतात. रविवारी दहा मिनिटांत सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिकडे मीरा रोडच्या इमारतींमध्ये नव्याने आलेली कुटुंबं एकाच मजल्यावर राहतात, एकाच मिस्साला येतात आणि एकमेकांची नावंही त्यांना ठाऊक नसतात. एकटेपण दोन्हीकडे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषेला दार उघडलं. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाने मराठीतून ख्रिस्ती माणसाचं घर आणि मन मांडलं. मग सूचनाच परक्या का राहाव्यात? वाडीतल्या ओट्यावर मात्र शेजारच्या घरांच्या समूहाची प्रार्थना होते तेव्हा कोण आजारी, कुणाची बोट बंद पडली, हे न विचारता कळतं. तो ओटा मला फार मोलाचा वाटतो.

फादर, पुढच्या रविवारपासून सूचना मराठीतही वाचा. बोटीवरच्यांसाठी एक कागद बंदरावर लावा. लावायला मी येईन.