पचपदऱ्यातली रात्र

जैसलमेरचे दोन दिवस उंट, वाळू आणि फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत गेले. मला वाळवंट रिकामं आवडतं, आणि तिथे ते रिकामं नव्हतं. परतताना भाच्याकडे पचपदऱ्याला एक रात्र थांबले. सांगावंसं वाटतं ते त्या रात्रीचं.

बालोतऱ्याजवळच्या या गावी वर्षाला ९० लाख टन तेल शुद्ध करणारी रिफायनरी उभी राहत होती. भाचा एका कंत्राटदाराकडे पाइपच्या कामावर. "मावशी, रिफायनरी राहू दे, आमच्या काकांना भेट," म्हणाला आणि अंधार पडल्यावर यार्डात घेऊन गेला.

कंटेनरएवढी दोन जनित्रं, ५०० केव्हीएची. एक धडधडत होतं, दुसरं राखीव. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत ती सांभाळणारे कराडकडचे काका पिठलं ढवळत होते.

"बसा ताई. इंजान पुण्याचंच हाय, परक्यात न्हाई आला."

मिठाचा खडा त्यांनी मला दाखवला. इथलाच. खारवाल लोक जमिनीत खड्डे खणतात, खारं पाणी झिरपून साठतं, त्यात मोरली नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्या टाकतात आणि काट्यांवर मीठ धरतं. मी खडा हातात घेऊन बसले. काकांना त्या मिठाची वेगळीच काळजी होती. "आपल्याकडं अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आन् मीठ घालावं लागतं. हितं जमीनच खारी. मीटरवर आकडा झक्क येतो, पर पट्टीच गंजून जाती." म्हणून ते दर महिन्याला खड्डा उकरून पट्टी पाहतात. कुणी सांगितलेलं नाही.

त्या रात्री एका जाड पाइपच्या जोडावर 'एसआर' चालू होतं. वेल्डिंगमुळे लोखंडात राहिलेला ताण काढायचा, तर जोडाभोवती विजेचे तापते पट्टे गुंडाळतात, सहाशे अंशांच्या वर नेतात, तिथे धरून ठेवतात आणि ठरलेल्या गतीनेच उतरवतात. सगळं कागदावर रेषेने उमटतं. मध्येच वीज जाऊन पारा घसरला, तर ती मेहनत बहुधा पहिल्यापासून. रिफायनरीची स्वतःची वीज यायची होती. तोवर काकांचं डिझेल.

भाकरीचा दुसरा घास घेताना काका थांबले. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

"बसला आवाज," म्हणत ते उठले.

मिनिटाला १५०० फेरे फिरलं तरच इंजिन ५० हर्ट्झची वीज देतं. धुळीने एअर फिल्टर तुंबला होता, इंजिन दमत होतं. त्यांनी राखीव जनित्र सुरू केलं, दोन्हींची लय जुळेपर्यंत काट्यावर नजर ठेवली आणि भार अलगद पलीकडे सोपवला. यार्डातला एकही दिवा लुकलुकला नाही. मग त्यांनी फिल्टर काढून झटकला, हात धुतले आणि गार भाकरी पुढे ओढली.

ते जेवत असताना माझ्या लक्षात आलं, भाच्याला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं. गोंगाटाने आधी उंच स्वर जातात. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं पुसट होतात. इंजिनाची खर्जातली घरघर मात्र ऐकू येत राहते. एकोणीस वर्षं ते हे काम करतायत. नातीचं फोनवरचं बोलणं आता कळत नाही, म्हणाले.

हे टळलं असतं, याचाच मला राग येतो. जनित्राभोवतीच्या पेटीची, म्हणजे कॅनॉपीची, दारं बंद असली, तर एका मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत राहिला पाहिजे, असा नियम आहे. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून दारं उघडली गेली आणि डिसेंबरातही तशीच होती. कानपट्टे खोलीत नव्हतेच.

पहाटे साडेपाचला कागदावरची रेष न तुटता खाली उतरली. मी सातच्या गाडीने निघाले.

वाचकांपैकी कुणाची अशा एखाद्या साइटवर सही चालत असेल, तर एवढं करा: जनित्राची दारं बंद ठेवता येतील इतका वारा त्याला मिळेल अशी जागा द्या, आणि ऑपरेटरची खोली तिथून लांब बांधा.