मुळशीचें पाणी

पुण्याच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडला म्हणजे शहर संपलें, असें आमच्या लहानपणीं म्हणत. आतां तसें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. भूगांव, भुकूम, पिरंगुट हीं नांवें पाटीवर वाचावयाचीं एवढेंच. दोन्ही अंगांस उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या फटींतून डोंगर परक्यासारखा डोकावतो. पौड मागें पडल्यावर मात्र रस्त्याला आपला जुना स्वभाव आठवतो. तो वळणें घेऊं लागतो, झाडाखालून जातो, ओढ्याशीं थबकतो. आम्हीं गेलों तेव्हां आश्विन अर्धा सरला होता. सोनकी ओसरत आली होती, भाताचीं खाचरें हिरव्याकडून पिवळ्याकडे झुकलीं होतीं. आम्हीं मोटारीच्या कांचा खालीं केल्या, तोंच सौभाग्यवती म्हणाल्या, "आंबेमोहर!"

पुण्याच्या घराघरांतून आजाऱ्याला पेज, लेंकराला मऊ भात आणि सणाला मूद ज्या तांदळाची, तो हा. उभ्या पिकालाहि आंब्याच्या मोहरासारखा वास असतो, हें आम्हीं ऐकून होतों. नाकानें अनुभविलें मात्र त्या दिवशीं. दाणा आंखूड, उंच वाढणारें ताट, उतार थोडा. म्हणून शेतकरी अलीकडे इंद्रायणीसारख्या जाती लावतात आणि बाजारांत आंबेमोहर म्हणून पुष्कळदां भलताच तांदूळ मिळतो. मुळशीच्या आंबेमोहराला आतां सरकारी दप्तरांत भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु त्या भाताचीं सर्वांत कसदार खाचरें आज कोणाला दिसावयाचीं नाहींत. तीं पाण्याखालीं आहेत.

तें पाणी एका वळणावर एकाएकीं समोर येतें. तयारी नसलेल्या माणसाला तें दृश्य गप्प करून टाकतें. डोंगरांच्या सोंडा पाण्यांत उतरलेल्या, मधून मधून एखादें टेकाड बेटासारखें वर राहिलेलें, आणि पार पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांचीं अखेरचीं गाठोडीं. आमची कन्या चित्रें काढते, ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, याचा निळा रंग पेटींत नाहीं." आम्हीं तिला सांगितलें, कीं ह्या सरोवराला शंभर वर्षेंहि धड झालीं नाहींत, आणि त्याच्या तळाशीं गांवें आहेत. त्यावर तिनें पुन्हा पाण्याकडे पाहिलें. या खेपेस जरा निराळ्या दृष्टीनें.

हा सारा बारा मावळांचा मुलूख. पौड खोऱ्याचे ढमाले, मुठे खोऱ्याचे मारणे, मोसे खोऱ्याचे पासलकर, अशीं देशमुखांचीं घराणीं एकेका नदीच्या खोऱ्यावर वतनदार होतीं. शिवरायांच्या पहिल्या सवंगड्यांत याच डोंगरांतले लोक होते. इतिहासाच्या पुस्तकांत मावळा हा शब्द आपण मोठ्या अभिमानानें वाचतों. त्याच मावळ्यांच्या वंशजांचें विसाव्या शतकांत काय झालें, तें त्या पुस्तकांत बहुधा दोन ओळींत आटोपलेलें असतें.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनीं लोणावळ्याला पाणी अडवून खोपोलीला वीज काढली, ती १९१५ सालीं. मग आंध्रा नदीचें खोरें झालें. तिसरी योजना नीळा आणि मुळा या दोन नद्यांच्या खोऱ्यांची. येथें पाऊस असा पडतो, कीं आमच्यासारख्या पुणेकराला त्याची कल्पनाच करतां येत नाहीं. आणि घाटमाथ्यावरून कोंकणांत सुमारें पांचशें मीटरांची सरळ उडी आहे. वीज काढणाऱ्याला याहून अधिक काय पाहिजे? मुळशीस सुमारें दीड किलोमीटर लांबीचा दगडी बांध घालावयाचा, डोंगराच्या पोटांतून बोगद्यानें पाणी पश्चिमेस वळवावयाचें आणि भिऱ्याच्या वीजघरांत सोडावयाचें, असें ठरलें. जें पाणी पुण्याच्या संगमावरून भीमेला, भीमेवरून कृष्णेला आणि कृष्णेबरोबर पूर्वसमुद्राला जावयाचें, तें माघारीं फिरून पश्चिमसमुद्रास मिळूं लागलें. योजना हुशारीची होती, हें कबूल केलेंच पाहिजे. ज्यांच्या अंगणांतून ती जाणार होती, त्यांना मात्र कोणी विचारलें नाहीं. १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्याचा आधार घेऊन सरकारनें कंपनीसाठीं जमिनी घेण्याचें चालविलें. बावन्न गांवें आणि सुमारें अकरा हजार माणसें यांचा हा प्रश्न होता.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेंच्या वर मावळे, त्यांत बायका आणि पोरेंहि, धरणाच्या जागेवर चालून गेले आणि तेथेंच बसले. हातांत शस्त्र नाहीं, शिवी नाहीं. काम थांबलें. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. त्यांचे पुढारी पांडुरंग महादेव बापट हे पारनेरचे. शिकावयास एडिंबरोला गेलेले, तेथून पॅरिसला जाऊन बाँब करण्याची विद्या घेऊन परतलेले, पुढें गांवीं परतून हातांत झाडू घेऊन रस्ते झाडणारे. असा विलक्षण पुरुष. याच लढ्यानें त्यांना सेनापति हें पद दिलें. विनायकराव भुस्कुटे त्यांचे मोठे साथी. कांहीं महिन्यांच्या विश्रांतीनंतर डिसेंबरांत सत्याग्रह पुन्हा सुरू झाला, धरपकड झाली, लोक येरवड्यास गेले. गांधीजींनीं प्रथम या गरीब लोकांच्या बाजूनें लिहिलें होतें. पुढें लढ्याची चाल त्यांना रुचली नाहीं. सारें हातचें गेल्यावर बापटांनीं १९२४ च्या डिसेंबरांत थोड्या साथीदारांसह कामगारांची आगगाडी शस्त्रानिशीं अडविली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. १९२७ सालीं भिऱ्याची वीज सुरू झाली.

धरणांविरुद्धचे लढे पुढें जगभर झाले. त्यांतला अगदीं आरंभींचा हा आहे, असें अभ्यासक सांगतात. पुण्यांत आपणांस त्याचें नांव ठाऊक असतें, पण तो हरला कां, हें फारसें कोणी बोलत नाहीं. बोलत नाहीं याचें कारण आपल्याच घरांत आहे.

मुळशी पेट्यांतल्या पुष्कळ जमिनी तोंपर्यंत मावळ्याच्या नांवावर राहिल्याच नव्हत्या. पिढ्यान् पिढ्यांचें कर्ज, बियाण्याला, लग्नाला, बैलाला काढलेलें. त्यापायीं शेतें पुण्याच्या सावकारांकडे गेलीं होतीं आणि मावळा आपल्याच बापाच्या खाचरांत कूळ म्हणून राबत होता. सावकारमंडळी प्रथम लढ्याच्या बाजूस होती. जमीन त्यांचीहि जात होती. पुढें मोबदल्याचे आंकडे बरे दिसूं लागले, तेव्हां त्यांतल्या पुष्कळांना तडजोड शहाणपणाची वाटली. सावकाराची जमीन म्हणजे रक्कम. तिचे रुपये झाले तरी ती रक्कमच. कुळाच्या जमिनीचे रुपये होत नाहींत, आणि झाले तरी ते त्याच्या हातीं येत नाहींत.

हें आम्हीं पुस्तकांत वाचलें त्याच्या आधीं एका वहींत पाहिलें होतें. आमचा पेठेंतला वाडा पाडून त्या जागीं इमारत उठली, त्या वेळीं माळ्यावरून पणजोबांच्या कांहीं वह्या उतरल्या. मोडी आम्हांस येत नाहीं. एका स्नेह्यानें वाचून दाखविलें. कोणाला किती दिले, व्याज किती, गहाण कोणतें खाचर. एक एक नांव, त्यापुढें गांव, आणि त्यापुढें "पेटा मुळशी". शेवटीं शेवटीं मोबदल्याची रक्कम जमा. आणि त्यापुढच्याच पानावर विटा, सागवान, सुतार, गवंडी यांचा खर्च. म्हणजे ज्या माजघरांत आमच्या आत्यांचीं डोहाळजेवणें झालीं, ज्या ओसरीवर आम्हीं पाढे पाठ केले, तीं कशांतून उभीं राहिलीं, हें त्या दोन पानांवर शाईनें लिहिलेलें होतें. पणजोबा वाईट नव्हते. घरांत त्यांच्याविषयीं जें जें सांगत, तें सारें चांगलेंच. दर एकादशीला ते आळंदीस पायीं जात.

सरोवराच्या कांठाने जातां जातां एका वस्तीवर आम्हीं पाणी मागितलें. कौलारू घर, पुढें सारवलेलें अंगण, त्यांत नाचणीचीं कणसें वाळत घातलेलीं. ऐंशी उलटलेले एक बाबा बाजेवर बसले होते. "या, या, सावलीला बसा," म्हणाले. पाण्याबरोबर गूळ आला, मग न विचारतां चहा. सौभाग्यवतींची आणि तेथल्या आजींची नाचणीच्या आंबिलीवरून लगेच गट्टी जमली. बाबांना आम्हीं धरणाविषयीं विचारलें.

"माज्या आज्जानं बघितलं सारं," ते म्हणाले. "येरवड्याला हुता सा म्हैनं. सुटून आला तवर घरात पाणी."

त्यांनीं बोटानें पाण्यांत एक जागा दाखविली. आम्हांस सगळीकडे सारखेंच पाणी दिसत होतें. त्यांना मात्र तेथें देऊळ, त्याच्या अलीकडे चावडी, ओढ्याकाठीं चिंच, असें सारें दिसत होतें. आणि त्यांनीं स्वतः त्यांतलें कांहींच पाहिलेलें नव्हतें. आज्जानें दाखविलें तसें तें त्यांनीं पाठ केलें होतें. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें म्हणजे जोतीं उघडीं पडतात, तेव्हां लोक जाऊन देवाला फूल वाहून येतात. त्यांचे दोन भाऊ मुंबईला डबे पोंचवीत असत. त्यांतले एक तेथेंच वारले. मुलगा पिरंगुटला कारखान्यांत जातो.

मग त्यांनीं विचारलें, "पुन्यात कुठं ऱ्हाता?"

आम्हीं पेठेचें नांव सांगितलें. बाबा थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले.

"तुमची हितं जमीन व्हती का?"

कन्या अंगणांत मांजराशीं खेळत होती, तिनें मान वर केली. सौभाग्यवतींचें बोलणें थांबलें. नाहीं म्हणणें अगदीं सोपें होतें; जमीन आमची म्हणावी अशी ती आम्हीं कधीं पाहिलीसुद्धां नव्हती. आम्हीं म्हणालों, "होती. पणजोबांची." आणि वहींतलें गांवाचें नांव सांगितलें.

बाबांनीं मान हालविली. त्यांत राग नव्हता, आश्चर्यहि नव्हतें. एखाद्या दूरच्या सोयऱ्याची ओळख पटावी तशी ती हालली. "ते त्या आंगाला," म्हणाले, आणि पुन्हा पाण्यांत बोट दाखविलें, मघांच्या जागेच्या थोडें उजवीकडे. "चांगली जमीन. लई चांगली. आंबेमोर व्हायचा तितं." मग जरा थांबून, "तुमचं पैसं गावलं आसतील."

"मिळाले," आम्हीं म्हणालों.

त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आजींनीं चहाचे पेले उचलले. वहींतलीं नांवें आमच्याजवळ होतीं. त्यांत या घराचें आडनांव होतें कीं काय, हें विचारावें असें आमच्या ओठांवर आलें होतें, परंतु विचारून त्यांना काय द्यावयाचें होतें? नांवें घरीं आहेत, त्यांची नक्कल करून पाठवितों, एवढें आम्हीं म्हणालों. बाबांना तें पसंत पडलें. "पाठवा. पोरगं वाचंल. आज्जाचं नाव कागदावर कुठं बगितलं न्हाई आमी." निघतांना त्यांनीं शेरभर तांदूळ बांधून दिला. पैसे पुढें केले, तेव्हां आजी सौभाग्यवतींना म्हणाल्या, "लेकीला देतोय, त्याचं कसलं पैसं?"

पुढें निवें, ताम्हिणी. घाटांतल्या अरण्याचें वर्णन करावयास निराळा लेख लागेल. २०१३ सालापासून तें अभयारण्य झालें आहे आणि शेकरू पाहावयाची असेल तर पहांटे जावें, एवढें सांगून पुढें जातों. रात्रीं कोंकणांत उतरलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोलाडजवळ कुंडलिकेच्या कांठीं गेलों. ही नदी मुळशीच्या पाण्यावरच अशी भरून वाहते. वरून वीज काढून झालेलें पाणी सोडतात, आणि तें आलें म्हणजे रबरी नावा प्रवाहांत लोटून तरुण मंडळी आरोळ्या ठोकीत खालीं जातात. आम्हीं पोंचलों तेव्हां पात्रांत दगड उघडे होते आणि पांचपंचवीस मुलेंमुली फुगीर बंड्या घालून वाट पाहत होतीं. नावाड्याला विचारलें, पाणी केव्हां येतें? तो म्हणाला, "वरून सोडलं की येतंय. आता येईल." थोड्या वेळानें दगडांच्या फटींतून तें आलें, आधीं आवाज, मग फेंस, मग भराभर चढणारी हिरवी धार. कन्येनें आमचा हात ओढला. तिला नावेंत बसावयाचें होतें. सौभाग्यवतींनीं तिच्या बंडीचे पट्टे आवळून बांधले, आम्हीं पैसे भरले, आणि नाव वळणाआड होईपर्यंत दोघें कांठावर उभीं राहिलों.