इंचभर सैनिकांचा ताळेबंद

आमच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात आजमितीस 186 सैनिक उभे आहेत. प्रत्येकाची उंची सुमारे 28 मिलिमीटर, म्हणजे इंचाहून किंचित अधिक. कोणाच्या अंगात लाल कोट आहे, कोणाच्या निळा, तर कोणाच्या डोक्याला पागोटे. बँकेत पस्तीस वर्षे आकड्यांशी व्यवहार केलेल्या माणसाने सेवानिवृत्तीनंतर असे सैनिक जमवावेत आणि रंगवावेत, याचे येणाऱ्या-जाणाऱ्यांना नवल वाटते. जैन घरात बंदुकधारी सैनिक पाहून काहींच्या कपाळावर आठीही उमटते. ती आठी मला अस्थानी वाटत नाही. या छंदाविषयी लिहायचे तर तिला उत्तर दिल्यावाचून गत्यंतर नाही.

माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे असतो. निवृत्तीनंतर आम्ही उभयता सहा महिने त्याच्याकडे राहिलो, तेव्हा अकरा वर्षांच्या नातवामुळे या छंदाशी माझा परिचय झाला. नॉटिंगहॅम हे या छंदाचे माहेरघर आहे. असे सैनिक तयार करणाऱ्या अनेक कंपन्या त्या शहरात आणि परिसरात आहेत. पूर्वी हे सैनिक शिशाच्या मिश्रधातूचे ओतले जात. म्हणून त्या भागाला छंदी मंडळी थट्टेने ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात. आता शिशाची जागा कथिलाचा मिश्रधातू, रेझिन आणि प्लॅस्टिक यांनी घेतली आहे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबलावर डोंगर, नदी, झाडे, घरे मांडायची. दोन्ही बाजूंना सैन्ये उभी करायची. टेपने अंतर मोजून ती पुढे सरकवायची आणि फाशांच्या दानावर चढाईचा निकाल ठरवायचा, असा हा खेळ. यातील कित्येकांना खेळापेक्षा रंगकामच अधिक प्रिय असते. मीही त्यांच्यातलाच एक झालो.

सैनिक हाती येतो तो एकरंगी आणि निर्विकार. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यामुळे त्याच्या अंगावर एक बारीक रेघ उठलेली असते. ती कानशीने घासून काढायची. मग साबणाच्या पाण्याने धुऊन अस्तराचा रंग द्यायचा. त्यावर कोट, विजार, पट्टे, बूट यांचे मूळ रंग द्यायचे. ते वाळले की पातळ गडद रंगाचा हात फिरवायचा. तो वस्त्राच्या चुण्यांत उतरतो आणि सपाट कोटाला खोली येते. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग अलगद फिरवायचा. एका सैनिकाला माझे दोन तास सहज जातात. चकचकीत दिव्याखाली भिंगातून पाहत चेहरा रंगवू लागलो, की तेवढा वेळ जगाचा विसर पडतो.

माझ्यातील हिशेबनिसालाही येथे पुष्कळ काम मिळते. ब्रिटिश पायदळाचे कोट लालच. परंतु गळपट्टी आणि मनगटपट्टी यांचा रंग प्रत्येक पलटणीचा निराळा. 74 व्या पलटणीचा पांढरा, तर 78 व्या पलटणीचा फिकट बदामी. व्हाउचर आणि खतावणी ताडून पाहण्याची सवय जडलेल्या माणसाला अशा तपशिलात जो आनंद मिळतो, तो इतरांना समजावून सांगणे कठीण आहे.

देखावे उभे करण्याची कला मात्र मला परकी वाटली नाही. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचायचा, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, पायऱ्यापायऱ्यांवर मातीचे मावळे आणि शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज बसवायचे, हे महाराष्ट्रातील कोणत्या मुलाने केले नाही? साहेबाच्या देशातील छंदाचे हे आपल्याकडील सख्खे भावंडच होय. हळिवाऐवजी तिकडे कृत्रिम गवताचे तंतू चिकटवतात, इतकाच भेद. मी वापरलेल्या चहाची पूड धुऊन वाळवून शेतजमीन करतो आणि नारळाच्या काथ्यापासून झोपड्यांची छपरे शाकारतो. टेकड्या थर्माकोलच्या करतो. मात्र त्यावर फवाऱ्याचा रंग सरळ मारता येत नाही, कारण त्यातील द्रावकाने थर्माकोल विरघळतो. आधी पांढऱ्या डिंकाचा थर द्यावा लागतो.

या खेळाचा इतिहास पाहिला, तर त्याचे कूळ एकच नाही असे दिसते. एक धारा सरळ लष्करातून आलेली आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 मध्ये नकाशावर ठोकळे आणि फासे घेऊन खेळण्याचा एक युद्धखेळ सिद्ध केला, आणि तेथील सेनाप्रमुखांनी तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलून धरला. हेतू स्पष्ट होता : खरे युद्ध अधिक कौशल्याने लढता यावे. दुसरी धारा एका लेखकाच्या दिवाणखान्यातून निघाली. विज्ञानकथांमुळे आपल्याला परिचित असलेल्या एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. खेळण्यातील सैनिक आणि लाकडी काडी फेकणारी स्प्रिंगची तोफ घेऊन जमिनीवर कसे खेळावे, याचे नियम त्यात आहेत. पण ज्याला युद्धाची हौस आहे त्याने ती अशा खेळात भागवून घ्यावी आणि खरे युद्ध ही किती अवजड, मूर्ख गोष्ट आहे हे ओळखावे, असा त्यांचा आशय होता. पुढच्याच वर्षी युरोपात पहिले महायुद्ध पेटले. पुस्तकाने युद्ध थांबत नाही, हे खरे. परंतु एकाच खेळण्यातून दोन विरुद्ध हेतू निघू शकतात, हे या दोन तारखांवरून ध्यानात येते.

हेतूचा हाच मुद्दा माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, माझ्यापुढे ठेवला. दशलक्षण पर्वात ती आमच्याकडे राहावयास आली होती. तिचे वय शहात्तर; व्रते कडक, बोलणे थोडे. कपाटापुढे उभी राहून तिने विचारले, “अरे, हे सगळे कुणाला मारायला उभे केलेस?” मी म्हणालो, “अक्का, ही निर्जीव प्लॅस्टिकची चित्रे आहेत.” ती म्हणाली, “जीव नाही, हे मलाही दिसते. पण पिठाच्या कोंबड्यातही जीव नव्हता.”

यशोधर राजाची ही कथा आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. सोमदेवसूरींनी शके 881 मध्ये, म्हणजे इसवी सन 959 मध्ये, पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथात ती विस्ताराने आली आहे. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून देवीपुढे बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही; परंतु ‘मी मारतो’ हा संकल्प घडला, आणि त्याचे फळ मायलेकांना कित्येक पशुजन्मांतून भोगावे लागले. आपल्या आचारशास्त्रात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील संकल्पी हिंसा गृहस्थालाही सर्वथा वर्ज्य आहे. तेव्हा ‘हे निर्जीव आहे’ हे माझे उत्तर अपुरे ठरत होते. अक्का गावी परतल्यावर मी या छंदाची तपासणी करावयास बसलो, जशी एखाद्या शाखेची करीत असे, आरंभापासून आणि प्रत्येक नोंद उघडून.

प्रथम साहित्याची नोंद तपासली, आणि तेथे जे आढळले ते सैनिकांच्या बंदुकांपेक्षा अधिक गंभीर होते. सूक्ष्म रंगकामासाठी सर्वोत्तम मानला जाणारा कोलिन्स्की कुंचला सायबेरियातील एका लहान मांसाहारी प्राण्याच्या शेपटीच्या केसांपासून करतात. आपल्याकडे कुंचल्यांसाठी मुंगसाच्या केसांचा वापर होत आला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला संरक्षण असूनही त्या केसांचा चोरटा व्यापार चालतो. ‘आयव्हरी ब्लॅक’ नावाचा काळा रंग जाळलेल्या हाडांपासून तयार होतो. रंग सहज पसरावा म्हणून चित्रकार पाण्यात जे द्रव्य घालतात, ते परंपरेने बैलाच्या पित्ताचे असते. सुतारांचा जुना सरस तर कातड्या-हाडांचाच. प्लॅस्टिकच्या सैनिकाने कोणाचा जीव घेतला नव्हता. तो रंगवणाऱ्या सुंदर कुंचल्यामागे मात्र खऱ्या प्राण्याचा मृत्यू असू शकत होता. आपण पाहतो ती हिंसा भासमान आणि न पाहिलेली हिंसा वास्तव, असा प्रकार व्यवहारात पुष्कळ ठिकाणी असतो.

या प्रत्येकाला पर्याय आहे, ही समाधानाची गोष्ट. माझे सर्व कुंचले कृत्रिम तंतूंचे आहेत. त्यांचे टोक काही आठवड्यांत आकड्यासारखे वळते आणि ते लवकर बदलावे लागतात. तो खर्च मी आनंदाने सोसतो. काळ्या रंगासाठी लोहभस्माचा ‘मार्स ब्लॅक’ किंवा काजळीचा काळा चालतो. चिकटवण्यास पांढरा कृत्रिम डिंक पुरतो. दुकानदाराला असे प्रश्न विचारले की तो प्रथम चकित होतो, पण पुढच्या खेपेस स्वतःहून डबीवरील मजकूर वाचून दाखवतो.

दुसरी नोंद अधिक अवघड होती, ती खेळाची. नातवाने आणि मी मिळून असईची लढाई टेबलावर मांडली. जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांची गाठ आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी पडली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. केळणा नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे पाहून, येथे उतार असणारच, असा तर्क त्याने केला आणि सैन्य पार नेले. त्या दिवशी केवळ ब्रिटिश बाजूचे मृत व जखमी मिळून दीड हजारांहून अधिक होते. आमच्या नियमांत टेबलावरील एक सैनिक वीस माणसांच्या ठिकाणी धरतात. म्हणजे ती सगळी हानी टेबलावर 75 पुतळ्यांत मावते, आणि 75 पुतळे उचलून पेटीत ठेवण्यास फारतर पाच मिनिटे लागतात.

हे गणित करताना मला बँकेतील ताळेबंद आठवला. तेथेही आम्ही ‘रक्कम हजारांत’ असे वर लिहून शेवटची शून्ये गाळीत असू. थकीत कर्जांच्या यादीतील एकेका ओळीमागे एकेक घर असे. ओळ खोडली की पान स्वच्छ दिसे, घराचे काय झाले ते पानावर नसे. प्रमाण लहान केले की वेदनाही लहान दिसते. खेळातील धोका बंदुकीत नाही, तो या लहान दिसण्यात आहे. यशोधराचा कोंबडा पिठाचा आहे म्हणूनच तो मारणे सोपे गेले, असेही म्हणता येईल.

म्हणून आम्ही आजा-नातवाने एक घरगुती नियम केला. टेबलावरून काढलेला सैनिक पेटीत टाकायचा नाही. टेबलाच्या कडेला ओळीने उभा करायचा. डाव संपल्यावर, जो जिंकला असेल त्याने दोन्ही बाजूंच्या ओळी मोजून वीसने गुणाव्यात आणि तो आकडा स्वतःच्या अक्षरात वहीत लिहावा. प्रथम नातू कुरकुरला. “आजोबा, हा काय गृहपाठ आहे का?” असे त्याने विचारलेही. आता आम्ही दूरध्वनीच्या पडद्यावरून खेळतो, तेव्हा तो पुष्कळदा स्वतःच माघार घेतो. मागच्या डावात जिंकण्याची संधी असताना त्याने तहाचा प्रस्ताव मांडला. कारण विचारले तर म्हणाला, “आजोबा, ही पलटण मी स्वतः रंगवली आहे. सगळ्यांचे चेहरे केलेत.”

या एका वाक्यात मला माझ्या तपासणीचा निष्कर्ष सापडला. ज्याचा चेहरा आपण दोन तास भिंगाखाली धरून रंगवला, तो आकडा राहत नाही. भरत आणि बाहुबली यांची सैन्ये समोरासमोर उभी राहिली, तेव्हा मंत्र्यांनी सुचवले की सैनिकांचा संहार कशासाठी? दोघा भावांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करून निर्णय करावा. रांगेत उभ्या असलेल्या अनाम माणसांचा विचार करणारे ते मंत्री मला या कथेत नेहमीच मोठे वाटत आले आहेत. सैनिक रंगवण्यामुळे तो विचार माझ्या मनात रोज जागा राहतो, एवढेच मी या छंदाच्या जमेच्या बाजूला लिहीन.

अक्काला हा सगळा हिशेब मी पुढच्या भेटीत सांगितला. तिने तो पूर्ण मान्य केला नाही. मात्र असईच्या मोहिमेत सैन्याला बैलांच्या तांड्यांवरून धान्य पुरवणाऱ्या लमाणांचे चार पुतळे मी रंगवले होते, ते हातात घेऊन ती म्हणाली, “हे बरे केलेस. असले आणखी कर.” ते काम सध्या चालू आहे : बैल, गोण्या, डोईवर घागर घेतलेली बाई, तळावरचा कुंभार.

घरातील मुलांनी असे सैनिक मागितले, तर वडीलधाऱ्यांनी एकदम नकार देऊ नये आणि पैसे देऊन मोकळेही होऊ नये. त्यांच्याजवळ बसावे, कुंचला कशाचा आहे ते आधी पाहावे, आणि पहिल्या सैनिकाचा चेहरा मुलाच्याच हातून रंगवून घ्यावा.